शेपूट माशाचं, स्वभाव कुणाचा?

नववीच्या वर्गात पृथ्वीचा गोल फिरवायला लागलो की दर वर्षी एक तरी पोर विचारतंच, "सर, मकरवृत्तावर मगरी असतात का?" नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी हे हसण्यावारी नेलं. एकदा मात्र नीट उत्तर द्यायचं ठरवलं. म्हटलं, नाव पडलं तेव्हा २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य दक्षिणेकडून मागे वळतो त्या दिवशी, तो मकर राशीतल्या ताऱ्यांपुढे दिसायचा, म्हणून मकरवृत्त. आता तो त्या दिवशी धनूच्या ताऱ्यांपुढे असतो. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मग पाटी का नाय बदलली, सर?"

त्या पोरानं वापरलेला 'पाटी' हा शब्द मला फार आवडला. रस्त्यावरची पाटी गाव किती लांब आहे ते सांगते, गावातली माणसं कशी आहेत ते नाही. 'कराड ४० किलोमीटर' वाचून कराडकर चिक्कू की दिलदार हे कुणी ठरवत नाही. राशीच्या चित्राचं मात्र आपण नेमकं तेच करतो, आणि गंमत म्हणून नव्हे. मुलीचं लग्न ठरवताना, सुनेकडे बघताना, कधी कधी माणूस कामावर ठेवताना सुद्धा करतो.

हे लिहायला निमित्त माझ्या पुतणीचं. तिच्या स्थळाची बोलणी बरीच पुढे गेली होती. मुलाच्या आईचा फोन आला. बाई शिकलेल्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "मुलगी छानच आहे हो, पण मकर रास ना. मकरेची माणसं हिशेबी असतात, थंड असतात, भावना कमी. आमचा मुलगा फार हळवा आहे." हे त्यांना कुणी सांगितलं? फोनवरच्या ॲपनं. पुतणीला हसू आलं, मग जरा वेळानं डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्या रात्री कपाटातली जुनी पुस्तकं खाली काढली.

आधी चित्रच बघू. तुमच्या घरातल्या दिनदर्शिकेत मकरेपुढे काय काढलंय? बहुधा मगर. इंग्रजी वळणाच्या राशिभविष्यात बघाल तर पुढून बोकड आणि मागून मासा. एका राशीची दोन तोंडं, आणि स्वभावाचं वर्णन मात्र दोन्हीकडे शब्दशः सारखं: महत्त्वाकांक्षी, चिकाटीचा, एकेक पाऊल टाकत शिखर गाठणारा. बोकडाच्या चित्राखाली हे शोभतं, तो कड्यावर चढतो. मगरीखाली? आमच्या सांगली जिल्ह्यात मगर ही पुराणातली गोष्ट नाही. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेच्या काठी ऊन खात पडलेली मगर लोकांनी डोळ्यांनी बघितलेली आहे. ती तासन्‌तास हलत नाही. शिखर वगैरे गाठायचा तिचा विचार कधी दिसलेला नाही. म्हणजे घडलंय ते असं की चित्र आपलं राहिलं आणि खालचा मजकूर दुसऱ्या चित्राचा आला. शिवण इथे उघडी पडलेली आहे, म्हणूनच बारा राशींतली ही एक मला तपासायला सगळ्यात चांगली वाटते.

बोकड-मासा मूळचा बाबिलोनचा. आजच्या इराकमध्ये युफ्रेटिस-तैग्रिसच्या खोऱ्यात गोड्या पाण्याचा देव होता, एआ. बोकडाचं पुढचं अंग आणि माशाचं शेपूट असलेला प्राणी ही त्याची खूण. जमिनीच्या दानपत्रांच्या दगडांवर ती कोरलेली सापडते. त्याच्या शेजारी आकाशात कुंभ, मीन. सगळी पाण्याची मंडळी एका रांगेत. भूगोलाच्या मास्तराला यात नवल वाटत नाही, कारण त्या देशात पाऊस थंडीत पडतो. आपल्याकडे सूर्य मकर-कुंभेत असतो तेव्हा विहिरी तळाला जायला लागलेल्या असतात. पाण्याच्या राशी आपल्या हवामानातून उगवल्या असत्या तर त्या मिथुन-कर्काच्या जागी असत्या, जिथे आपले आर्द्रा-पुनर्वसू बरसतात.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी सूर्याचा वाटोळा मार्ग तीस-तीस अंशांच्या बारा सारख्या तुकड्यांत वाटला. ताऱ्यांचे पुंजके लहान-मोठे असतात, हिशेबाला सारखी मापं लागतात, म्हणून. आकाशातल्या खुणांवरून शकुन सांगायची रीत तिथे त्याआधीही होती, पण ते शकुन राजाचे आणि राज्याचे: पीक येईल का, स्वारी होईल का. एकट्या माणसाच्या जन्मवेळेची सगळ्यात जुनी मातीची पाटी इसवी सनापूर्वी ४१० ची आहे. मकरेची माणसं अशी आणि वृषभेची तशी, हा मजकूर मुळात नव्हता. तो पुढे ग्रीकांच्या हातात गेल्यावर फुलला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं मकर आणि कुंभ शनीला का दिल्या याचं कारणही सांगून ठेवलंय: सूर्य-चंद्राच्या घरांसमोरची, कडाक्याच्या थंडीची ही घरं, आणि शनी हा थंड, लांबचा ग्रह. म्हणजे मकरेचा माणूस 'थंड' का? कारण भूमध्य समुद्राच्या काठी तेव्हा हिवाळा असतो. माझा एक भाचा मेलबर्नला आहे, त्याची मुलगी जानेवारीतली. तिच्या वाढदिवसाला ती पोरं अंगणात नळीनं एकमेकांवर पाणी उडवत असतात.

रोमच्या ऑगस्टसनं आपल्या नाण्यांवर मकर छापली. त्याचा जन्म २३ सप्टेंबरचा, सूर्य मकरेच्या जवळपासही नाही. त्याच्या जन्माच्या वेळी चंद्र मकरेत होता, असं त्यावर एक स्पष्टीकरण दिलं जातं. तसं असेल तर रास सांगायची त्याची पद्धत, सूर्यावरून नव्हे तर चंद्रावरून, आपल्या आजीसारखीच होती म्हणायची.

ग्रीकांकडून ही बारा चित्रं आपल्याकडे आली. हे वाक्य लिहिलं की काही जणांच्या भुवया वर जातात, म्हणून साक्षीदार घरचाच आणतो. वराहमिहिर, सहावं शतक, उज्जैन. त्याच्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात राशींची दुसरी नावं दिली आहेत: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक… मेषेला ग्रीकमध्ये क्रियॉस, वृषभेला तावरॉस. आणि मकरेचं नाव आहे आकोकेर. ग्रीक शब्द आयगोकेरॉस, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा. वराहमिहिरानं हे लपवलं नाही, त्याला त्यात कमीपणाही वाटला नाही. बृहत्संहितेत तो म्हणतो की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट नांदतंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचं मन आपल्या व्हॉट्सॲप गटांपेक्षा मोठं होतं. त्याच्याही आधीचं आपलं वेदांग ज्योतिष सगळं सत्तावीस नक्षत्रांवर चालतं, त्यात मेष-वृषभ नाहीत. एकोणिसाव्या शतकात दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित या सगळ्या पुराव्यांची छाननी मराठीतच करून गेले आहेत. नक्षत्रं आपली आणि राशी पाहुण्या, हे मान्य केल्यानं कुणाची जात जात नाही.

पाहुणा घरात आला की त्याला घरचे कपडे चढतात. बोकड-मासा म्हटल्यावर आपल्या लोकांना आठवला तो मकर: वरुणाचं वाहन, गंगेचं वाहन, कामदेवाच्या ध्वजावरचा. वेरूळला एकविसाव्या लेण्याच्या दाराशी गंगा उभी आहे ती या मकरावरच. देवळांच्या तोरणांवर दोन टोकांना जबडे वासून बसलेला तोच. त्याला कधी हत्तीची सोंड असते, मगरीचा जबडा असतो, शेपटीच्या जागी नुसती वेलबुट्टी असते. तो कुठल्याच नदीत सापडत नाही. वराहमिहिरानं दोन्ही परंपरांचा मेळ घालत दोन शब्दांत चित्र दिलं: 'मकरो मृगास्यः', हरणाच्या तोंडाचा मकर. बोकडाचं हरीण झालं, माशाचा मकर झाला. पुढे छापखान्याच्या चित्रकारांना हरणाचं तोंड जड गेलं असावं, त्यांनी सरळ मगर काढली. बोकड, हरीण, सोंडेचा मकर, मगर. या चौघांपैकी माझ्या पुतणीचा स्वभाव नेमका कुणावर गेला?

कुणी म्हणेल, चित्र काहीही असो, स्वभावाचं ज्ञान तर परंपरेचं आहे. ठीक. परंपरा उघडून वाचू. बृहज्जातकात चंद्र प्रत्येक राशीत असताना माणूस कसा असतो याचे श्लोक आहेत. मकरेच्या श्लोकात काय आहे? बायका-पोरांचे लाड करणारा. धर्मध्वज, म्हणजे धर्माचा देखावा करणारा. कमरेखाली किडकिडीत. डोळे सुंदर. सांगितलेलं ऐकणारा. शीतालु, थंडी न सोसणारा. भटक्या. कविता करणारा. लोभी. निर्लज्ज, निर्दय, वयस्क बायकांच्या नादी लागणारा. आणि अलस. आळशी!

हा शब्द वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आज कुठलंही ॲप, कुठलंही वर्तमानपत्र उघडा, मकर म्हणजे बारा राशींतली सगळ्यात कष्टाळू रास. जिथून हे 'शास्त्र' आलं म्हणून आपण छाती फुगवतो तो ग्रंथ म्हणतो आळशी आणि कवी. त्या बाईंनी वराहमिहिराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की मुलगी घरच्यांचे लाड करेल, कविता करेल, थंडीत गोधडीतून बाहेर यायची नाही, जरा समजून घ्या. 'हिशेबी, थंड' हे वर्णन आपल्या आज्यांचं नव्हेच. वर्तमानपत्रांतल्या राशिभविष्याला लंडनमध्ये १९३० साली, राजकन्या मार्गारेटच्या जन्मानंतर, तेजी आली. सूर्याच्या राशीवरून दहा-दहा ओळींत स्वभाव सांगायची ती लाट तिथून अमेरिकेला जाऊन आपल्याकडे पोचली, आणि आपण ती चंद्राच्या राशीवर, मगरीच्या चित्राखाली चिकटवली. परंपरा जपायची तर निदान आपली तरी जपावी!

आता पाटी हलते कशी, ते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आपली पंचांगं तारे धरून चालतात, इंग्रजी तारीख ऋतू धरून चालते, म्हणून मकर संक्रांत हळूहळू पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता ती १४ ला येते, काही वर्षी १५ ला. त्याच हिशेबानं मागे गेलं तर १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली होती. १४ जानेवारीला पानिपतावर संक्रांत कोसळली असं आपण भाषणांतून किती वेळा ऐकलंय! त्या बुधवारी पौष शुद्ध अष्टमी होती, संक्रांत उलटून चार दिवस झाले होते. हे एकदा शाळेच्या कार्यक्रमात बोललो तर एक पालक नाराज झाले. पानिपताचं दुःख त्यानं कमी होत नाही, हे त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली.

पंचांगांचंही एकमत नाही, अगदी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही नाही. राशिचक्राची सुरुवात नेमकी कुठून मोजायची यावर गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायचा. व्यंकटेश बापूजी केतकरांचा पक्ष चित्रेचा. दोन्हींत फरक सुमारे चार अंशांचा. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं चित्रेच्या बाजूचं गणित घेतलं, १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि सोलापूरचं दाते पंचांग आज बहुतेक मराठी घरांत याच बाजूचं येतं. पण कोकणात आणि पुण्यात टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. त्यांची संक्रांत १० जानेवारीलाच होऊन जाते, आपण तीळ भाजायला घेतो तेव्हा त्यांचे लाडू संपत आलेले असतात.

पुतणीचं आजोळ रत्नागिरीकडचं, टिळक पंचांगवालं. तिचा जन्म ऑगस्टच्या मध्यात आलेल्या नारळी पौर्णिमेचा, नक्षत्र धनिष्ठा, ज्याचे पहिले दोन चरण, म्हणजे पाव-पाव भाग, मकरेत येतात आणि पुढचे दोन कुंभेत. दाते पंचांगानं दुसरा चरण, मकर रास, नावाचं अक्षर 'गी'. आजोळच्या पंचांगानं तोच चंद्र, तेच नक्षत्र, पण चरण तिसरा, रास कुंभ, अक्षर 'गू'. तिच्या आजोबांनी बारशाच्या दिवशी पंचांग मुकाट्यानं मिटून ठेवलं होतं, अशी घरात आठवण सांगतात. इंग्रजी पद्धतीनं तीच मुलगी सिंह. कुंभेला वराहमिहिर काय देतो तेही बघितलं: उंटासारखी मान, केसाळ अंग, परक्याच्या पैशावर डोळा, फुलांची आवड. एका रात्रीत जन्मलेली एक मुलगी, आणि तिच्यापुढे निवडीला तीन राशी.

यात विनोद आहेच, पण तो एका ठिकाणी थांबतो. त्या स्थळाच्या मुलाची रास सिंह, चंद्र राशीच्या मध्यावर, म्हणजे चार अंश इकडेतिकडे झाले तरी तो सिंहेतच. मकर आणि सिंह म्हणजे षडाष्टक, एकीपासून दुसरी सहावी-आठवी, त्यातही शनी-रवीचं, ज्याला पत्रिका बघणारे मृत्यू षडाष्टक म्हणतात. छत्तीस गुणांतले भकूटाचे, म्हणजे दोघांच्या राशींच्या मेळाचे, सात गुण गेले. मुलीला कुंभ धरा, की षडाष्टक जाऊन समसप्तक, म्हणजे समोरासमोरच्या राशी, होतं आणि तक्त्यात ते सात गुण परत येतात. आकाशात काही हललेलं नाही. हललाय तो शून्याचा खांब, जो माणसांनी वाद घालून, समिती नेमून, बहुमतानं रोवला. मृत्यूचं नाव घेऊन मोडलेल्या स्थळांपैकी किती या चार अंशांत मोडली असतील कुणास ठाऊक.

माझे एक स्नेही ज्योतिष बघतात. पैसे घेत नाहीत, माणूस सज्जन. त्यांना हे सगळं ऐकवलं तर ते चिडले नाहीत, उलट म्हणाले, "गुरुजी, नुसत्या राशीवरून स्वभाव सांगणं हा पोरखेळ, हे आम्हीही म्हणतो. लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, बघावं लागतं, ग्रहांचं बळ बघावं लागतं, अख्खी पत्रिका वाचावी लागते." आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर अख्ख्या पत्रिकेनंच द्यायला हवं. ते पुण्यात २००८ च्या सुमारास दिलं गेलं. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे अभ्यासक यांनी मिळून २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या: १०० अभ्यासात अतिशय हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला ४० पत्रिका, ओळखायचं एवढंच की मूल यातलं की त्यातलं. म्हणजे कुठला बारीक रागलोभ नव्हे, माणसाच्या आयुष्यात असू शकतो तेवढा ढोबळ फरक. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून सांगितलं तरी ४० पैकी २० बरोबर येतात. सगळ्यात चांगल्या ज्योतिष्याची २४ आली, आणि सगळ्यांची सरासरी नाण्यापेक्षा खाली राहिली. माझे स्नेही म्हणाले, त्यांत चांगले जाणकार नसतील. असेल. पण मग चांगला जाणकार ओळखायचा कसा, या प्रश्नावर त्यांनी चहा मागवला.

तरीही वर्णन आपल्याला लागू पडल्यासारखं वाटतं, हे खोटं नाही. मलाही वाटतं. त्यावर मला सगळ्यात बोचणारी गोष्ट फ्रान्सची वाटते. १९६८ साली संशोधक मिशेल गोकलाँ यांनी पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात फुकट पत्रिकेची जाहिरात दिली. आलेल्या लोकांना एकच मजकूर पाठवला आणि विचारलं, तुमचं वर्णन जमलंय का? पहिल्या १५० उत्तरांत ९४ टक्के लोकांनी जमलंय म्हणून कळवलं. मजकूर होता तो डॉक्टर मार्सेल पेतिओच्या जन्मवेळेवरून संगणकाकडून करून घेतलेला, सरळमार्गी, नीतिमान मध्यमवर्गीय गृहस्थाचा वाटावा असा. हा पेतिओ महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये, नाझींपासून पळवून नेतो असं सांगून लोकांना घरी बोलवायचा, ठार मारायचा आणि लुटायचा. २६ खून शाबित होऊन १९४६ च्या मे महिन्यात त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याची जन्मतारीख १७ जानेवारी १८९७. सूर्य मकरेत, इंग्रजी पद्धतीनंही आणि आपल्याही. वराहमिहिराच्या श्लोकातलं 'अघृण', म्हणजे निर्दय, हे विशेषण मात्र इथे बरोबर बसलं, असं एखादा म्हणेल. म्हणेलच. नेम असाच लागतो, बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढलं की.

राशीच्या गप्पांचा मला तिटकारा नाही, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर लेख खोटा होईल. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत "तुम्ही कन्यावाले असेच, खडूचा तुकडाही मोजून ठेवणार" अशी थट्टा चालते आणि त्यात मीही असतो. लाजरा माणूस स्वतःबद्दल एरवी बोलत नाही, राशीच्या आडून बोलतो. एखादी आई हट्टी पोराला "सिंहेचा आहे, असायचाच" म्हणून पदराखाली घेते, मारत नाही. हे काही कमी नाही. माझी हरकत सुरू होते ती रास जेव्हा दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायला बसते तेव्हा. स्वतःला मकर म्हणवून घेणं हा ज्याचा त्याचा छंद आहे. दुसऱ्याला मकर म्हणून दाराबाहेर ठेवणं हा छंद नव्हे. ज्याला नाकारलं जातं त्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही. जातीवरून, रंगावरून, हुंड्यावरून नाकारलं तर निदान मनातल्या मनात तरी अन्याय म्हणता येतं. राशीवरून नाकारलेली मुलगी भांडणार कुणाशी, शनीशी?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विवाहमंडळांनी परिचयपत्रातला रास-नक्षत्र-गण-नाडीचा रकाना सक्तीचा ठेवू नये. ज्यांना हवा त्यांनी भरावा, रिकामा ठेवला तर 'माहिती अपूर्ण' म्हणून कागद परत येऊ नये. आमचा दोनदा आला. आणि ज्योतिष विद्यापीठात शिकवावं की नाही या वादात मी बहुधा दोन्ही बाजूंना नकोसा होईन. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ज्योतिर्विज्ञानाचे वर्ग काढायचं ठरवलं, विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. विज्ञान म्हणून, नोकरीचं प्रमाणपत्र म्हणून हे शिकवणं मला चूक वाटतं. पण बृहज्जातक शिकवावंच, संस्कृतच्या आणि इतिहासाच्या वर्गात, आकोकेर या शब्दापाशी थांबून, मकरेच्या श्लोकातला 'अलस' मोठ्यानं वाचून. ज्यांनी तो ग्रंथ उघडला नाही तेच त्याच्या नावानं लोकांची लग्नं मोडतात.

शाळेत आम्ही दर २२ डिसेंबरला मैदानात काठी रोवतो आणि दुपारी बाराच्या सुमारास सावली मोजतो. वर्षातली सगळ्यात लांब मध्यान्हसावली. दुसऱ्या दिवसापासून ती आखूड व्हायला लागते, इतकी हळू की आठवडाभर पोरांना ते पटतच नाही. बाबिलोनच्या त्या माणसांनी बोकड-माशाचं चित्र आकाशात ठेवलं, आणि पुढे सूर्य कुठून वळतो याची खूण म्हणून ते कामी आलं. तेवढ्या कामाला ते फार सुंदर चित्र आहे.

पुतणीनं नवं परिचयपत्र तयार केलं तेव्हा मला दाखवायला आणलं. शिक्षण, उंची, नोकरी, सगळं नीट होतं. राशीच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: आकोकेर. मी म्हटलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "खोटं आहे का, काका?" खोटं नव्हतं. पाठवून दिलं. चार दिवसांनी एका घरून फोन आला. गृहस्थ अदबीनं विचारत होते, "सर, मुलीची रास जरा परत सांगता का? आमच्या ॲपमध्ये दिसत नाहीये."